मोबाईलचा जीपीएस चार-पाच मीटर चुकतो, मग रोव्हरने, म्हणजे मोजणीदाराच्या काठीवरच्या उपग्रह-रिसीव्हरने, जमीन सेंटीमीटरपर्यंत कशी मोजतात?

उपग्रह तेच, मोजायची पद्धत वेगळी. मोबाईल उपग्रहाचा संकेत पोचायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. रोव्हर संकेत वाहून आणणारी रेडिओलहरच मोजतो. जीपीएसच्या एल-1 नावाच्या लहरीची लांबी जेमतेम 19 सेंटीमीटर! मधे पूर्ण लहरी किती बसल्या, हे कोडं मात्र सोडवावं लागतं. त्यासाठी नेमक्या ठाऊक असलेल्या जागी दुसरा रिसीव्हर हवा. जवळजवळच्या दोघांना वातावरणाची चूक जवळपास सारखीच, म्हणून ती वजाबाकीत निघून जाते. 1980 च्या दशकात, सगळे उपग्रह वर जायच्या आधीच सर्वेक्षकांनी हे साधलं, याचं मला फार कौतुक वाटतं. आता महाराष्ट्रात भारतीय सर्वेक्षण विभागाची कॉर्स स्थानकं, म्हणजे असे कायम चालू असणारे दुसरे रिसीव्हर, आहेत. मोजणीदार बांधावर काठी धरतो, बुडबुडा मधे आणतो, उघड्या रानात थोड्याच वेळात ‘फिक्स’ मिळतो, म्हणजे लहरींचं कोडं सुटतं. दाट झाडाखाली मात्र थांबावं लागतं.