मोटार विक्रीचा कोर्स, ४५ हजारांची फी आणि शोरूममधील नोकरी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील असून गेल्या वर्षी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून बी. कॉम. झालो. जळगावच्या एका खासगी संस्थेत मोटार विक्रीचा तीन महिन्यांचा कोर्स असून त्याची फी ४५ हजार रुपये आहे. कोर्स केल्याशिवाय मोठ्या शोरूममध्ये घेत नाहीत आणि कोर्स संपताच नोकरी लागते, असे तेथील लोक सांगतात. या महिन्याअखेरपर्यंत पैसे भरल्यास पाच हजारांची सूट आहे. वडिलांनी भाव वाढेल या आशेने कापूस घरात ठेवला आहे, पण माझ्या फीसाठी तो आताच विकायला ते तयार आहेत. मला दुचाकी येते, चारचाकी चालवता येत नाही. फी भरावी का?
(एक वाचक, अमळनेर तालुका)

उत्तर : फी भरू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यासाठी घरातला कापूस तर मुळीच विकू नये.

कोर्स केल्याशिवाय शोरूममध्ये घेत नाहीत, हे विधान खरे नाही. सेल्स कन्सल्टंट म्हणून नव्याने लागणाऱ्या उमेदवाराकडून साधारणपणे बारावी किंवा पदवी, नीट बोलणे-वागणे, चारचाकीचा परवाना आणि फिरतीसाठी दुचाकी एवढीच अपेक्षा असते. गाडीची माहिती आणि विक्रीची रीत शिकवण्याचे काम डीलर आणि गाडी बनवणारी कंपनी स्वतः करतात, कारण तेथे लागणारी माहिती त्या कंपनीच्या गाड्यांची, तिच्या योजनांची आणि तिच्या संगणक प्रणालीची असते. उमेदवार कामावर घेतला की त्याची नोंद कंपनीकडे होते, त्याला ऑनलाइन पाठ व प्रशिक्षण वर्ग दिले जातात, परीक्षा घेतली जाते आणि नवे मॉडेल बाजारात आले की पुन्हा शिकवले जाते. हे प्रशिक्षण नोकरीत असलेल्यांसाठीच असते व त्याचा खर्च उमेदवाराने करायचा नसतो. तीन महिने वर्गात बसून आलेल्या मुलालाही शोरूममध्ये पहिल्या दिवसापासून तेच सारे शिकावे लागते, मग ४५ हजार नेमके कशाचे दिले, हा प्रश्न उरतो.

तुम्ही विचाराल की त्या संस्थेची काही मुले खरोखरच नोकरीला लागलेली दिसतात, ते कसे? लागलेली असू शकतात, पण त्यामागचे कारण वेगळे आहे. मोटार विक्रीच्या कामात माणसे फार टिकत नाहीत. दर महिन्याचे टार्गेट, सुट्टीच्या दिवशीचे काम, सणाच्या तोंडावर रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या डिलिव्हरी आणि ठरलेला पगार कमी असून वरची कमाई इन्सेंटिव्हवर, या कारणांनी अनेक जण काही महिन्यांत काम सोडतात. त्यामुळे शोरूममध्ये जागा सतत रिकाम्या होतात आणि व्यवस्थापक नव्या मुलांच्या शोधात असतात. जी जागा तुम्हाला स्वतः जाऊन मागता आली असती, तीच दाखवून जर कोणी तुमच्याकडून ४५ हजार घेत असेल, तर ती शिक्षणाची फी नसून दलाली आहे. हा शब्द कठोर वाटेल, पण शेतकरी घरातला पैसा अशा रीतीने जाताना पाहून मला सौम्य शब्द सुचत नाही.

आता हिशेब पाहा. सुरुवातीला हातात महिना १५ हजार आले असे धरले, तरी जळगावला खोलीचे भाडे, डबा, पेट्रोल आणि मोबाइल यांत मोठा भाग जाईल. महिन्याला चार हजार शिल्लक टाकता आले तर केवळ ही फी भरून निघायला अकरा महिन्यांहून अधिक काळ लागेल, आणि त्याआधीच हे काम आपल्याला जमत नाही असे तुमच्या लक्षात आले तर पैसे आणि कापूस दोन्ही गेलेले असतील. महिनाअखेरच्या सवलतीचा धाक मनावर घेऊ नका; घाई केली नाही म्हणून तुमचे काहीही नुकसान होणार नाही.

प्रमाणपत्र हवेच असेल तर त्याचा सरकारमान्य मार्ग आहे. वाहन उत्पादक, सुटे भाग बनवणारे आणि डीलर यांच्या संघटनांनी केंद्र सरकारसह मिळून २०११ मध्ये ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल स्थापन केले असून शोरूममधील विक्रीच्या कामासाठीही त्याचे अभ्यासक्रम आहेत. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत असे प्रशिक्षण उपलब्ध असेल तर उमेदवाराला फी द्यावी लागत नाही. त्याहून चांगला मार्ग अप्रेंटिसशिपचा आहे, कारण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे शिकणाऱ्याने पैसे द्यायचे नसतात, तर त्यालाच विद्यावेतन मिळते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १० हजार रुपये ठरवण्यात आले होते. यांपैकी कशात आज जागा आहे, हे जळगावच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन विचारा आणि तेथे नाव नोंदवा. नोंदणीला पैसे लागत नाहीत.

तुमच्या पत्रातली खरी अडचण शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. चारचाकी चालवता येत नाही, तर टेस्ट ड्राइव्ह देता येणार नाही, आणि टेस्ट ड्राइव्हशिवाय गाडी विकली जात नाही. म्हणून खर्च करायचाच असेल तर तो येथे करा. अमळनेरच्याच एखाद्या चांगल्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घाला, शिकाऊ परवाना काढा आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी द्या. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, त्यामुळे घाबरून घाई करण्याचे कारण नाही. या खर्चाला ४५ हजारांचा लहानसा भाग पुरेल आणि उद्या विक्रीचे काम सोडले तरी परवाना कामी येईल.

बाकीची तयारी घरी बसून, पैसे न देता होते. एक्स-शोरूम आणि ऑन-रोड किमतीत इतका फरक का पडतो, हे ग्राहकाला कागदावर मांडून दाखवता आले पाहिजे. महाराष्ट्रात वैयक्तिक वापराच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के आणि डिझेल गाडीवर १३ टक्के मोटार वाहन कर आहे, म्हणजे आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर ८८ हजार रुपये केवळ कराचे होतात. त्यावर विमा येतो, ज्यात नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. आणि किंमत १० लाखांच्या वर गेली की एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा कर) लागतो, जो ग्राहकाला पुढे आयकरात वळता करून घेता येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यात कोणत्या गाड्या बसतात हेही माहीत असावे: लांबी चार मीटरपर्यंत, आणि इंजिन पेट्रोलचे १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचे १,५०० सीसीपर्यंत. हप्त्याचा हिशेब पाठ करा. सहा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १२,६०० रुपये येतो. तुम्ही बी. कॉम. आहात, हे गणित तुम्हाला आठवड्यात हाताखालचे होईल, आणि मुलाखतीत असे दोन हिशेब तोंडी सांगणारा उमेदवार व्यवस्थापकाच्या लक्षात राहतो.

आणखी एक गोष्ट तुमच्याकडे आहे, जिची किंमत तुम्हाला अजून कळलेली नाही. आपल्या भागात गाडी घेणारा ग्राहक पुष्कळदा शेतकरी असतो. पारोळ्याकडचा माणूस शोरूममध्ये येऊन «हाई गाडी माले कितलाले पडी?» असे विचारतो, तेव्हा त्याच्याशी अहिराणीतच बोलणारा विक्रेता त्याला परका वाटत नाही. त्याच्या कर्जाला पगाराची पावती नसते. सातबारा, आठ-अ आणि बँकेच्या पासबुकातल्या नोंदी असतात, आणि ती कागदपत्रे तुम्ही लहानपणापासून घरात पाहिलेली आहेत. कापसाचा पैसा कधी हातात येतो, रावेर-यावलच्या केळीवाल्याचा कधी येतो आणि कोणत्या वर्षी गाडीचा विषयच काढू नये, हे जळगावातली कोणतीही संस्था शिकवू शकणार नाही.

शोरूममध्ये फोन करू नका, स्वतः जा. जळगाव, धुळे आणि भुसावळ या तिन्ही ठिकाणी जा, छापलेला बायोडाटा हातात ठेवा आणि सेल्स मॅनेजरला भेटायचे आहे असे सांगा. शनिवार-रविवार टाळा, कारण त्या दिवशी ग्राहकांची गर्दी असते. पितृपक्षात गाड्यांची विक्री मंदावते आणि दसरा-दिवाळीची तयारी चालू असते, म्हणून भाद्रपदात भेटणे सोयीचे. आखाजीपूर्वीचा (अक्षय तृतीयेपूर्वीचा) काळही तसाच चांगला आहे. एका ठिकाणी नकार आला तर दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये जा. ट्रॅक्टर आणि दुचाकीच्या शोरूमही टाळू नका, कारण तेथे वर्षभर काम केलेल्या मुलाला पुढे मोटारीच्या शोरूममध्ये सहज घेतले जाते.

नोकरी देऊ केली तर काही गोष्टी संकोच न करता विचाराव्यात. ठरलेला पगार किती, इन्सेंटिव्ह कितव्या गाडीपासून सुरू होतो, ग्राहकाने बुकिंग रद्द केल्यास तो परत घेतात का, फिरतीच्या पेट्रोलचे पैसे मिळतात का, आणि भविष्य निर्वाह निधी कापला जातो का? वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला तो लागू आहे. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायला देऊ नका. पाहून परत करा म्हणावे, झेरॉक्स द्यावी. अनामत रक्कम मागणाऱ्या ठिकाणी कामाला लागू नका.

वडिलांना माझा नमस्कार सांगा. कापूस कधी विकायचा हे त्यांनी बाजार पाहूनच ठरवावे.

प्रश्न : माझ्या मुलाने अशाच एका कोर्ससाठी आठ महिन्यांपूर्वी ३० हजार रुपये भरले. जाहिरातीत ‘१०० टक्के नोकरीची हमी’ लिहिलेले होते. कोर्स संपल्यावर दोन ठिकाणी मुलाखतीला पाठवले, त्यांपैकी एका ठिकाणी जागाच नव्हती. आता संस्थेचे लोक फोन उचलत नाहीत. पैसे परत मिळतील का?
(एक पालक, शहादा)

उत्तर : आपल्याकडे पावती आणि ती जाहिरात असेल तर मिळण्याची चांगली शक्यता आहे, पण काम क्रमाने करावे लागेल. प्रथम जाहिरातीचा कागद किंवा मोबाइलवरील तिचा फोटो, पैसे भरल्याची पावती, बँकेतील नोंद आणि संस्थेशी झालेले व्हॉट्सॲपवरील बोलणे एकत्र करा. मुलाने प्रवेशाच्या वेळी सही केलेला अर्ज मिळवून त्यातील बारीक अक्षरे वाचा; जाहिरातीत हमी आणि अर्जात केवळ ‘नोकरीसाठी मदत’ असे अनेकदा असते, आणि ती तफावत आपल्या बाजूचाच पुरावा ठरते, कारण दिशाभूल करणारी जाहिरात हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोष आहे.

त्यानंतर संस्थेला स्पीड पोस्टाने पत्र पाठवून पंधरा दिवसांत पैसे परत मागा. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. तेथेही न मिटल्यास नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कारण २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथे दाद मागता येते आणि संस्थेच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून अर्ज घरबसल्या करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून आपल्याकडे वेळ आहे, पण कागद हरवण्याआधी सुरुवात करावी.

शिक्षण ही ग्राहक कायद्यातील सेवा नव्हे, असा बचाव संस्था घेईल. विद्यापीठे आणि महाविद्यालयांबाबत हा मुद्दा न्यायालयांत मान्य झालेला आहे, परंतु खासगी कोचिंग वर्ग त्यात मोडत नाहीत, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये म्हटले आहे. तो निर्णय तक्रारीसोबत जोडा. संस्थेने अनेक मुलांकडून अशीच रक्कम घेऊन कार्यालय बंद केले असेल, तर त्या सर्व पालकांनी मिळून पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्यावी. भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम त्यासाठी आहे.

मुलाला मात्र निकालाची वाट पाहत घरी बसवू नका. त्याने वर सांगितल्याप्रमाणे थेट शोरूममध्ये जावे, आणि तो कोर्स केला हे सांगण्यात काही कमीपणा मानू नये.

प्रश्न : एका मोठ्या मोटार कंपनीत निवड झाली असून गणवेश व लॅपटॉपच्या अनामतीसाठी २,५०० रुपये भरा, असा मेसेज आला आहे. मुलाखत झालेली नाही. पैसे भरू का?
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : भरू नका. मुलाखतीशिवाय निवड होत नाही आणि खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे मागत नाही. मेसेजमधील लिंक उघडू नका, आधार व बँकेची माहिती देऊ नका. माहिती किंवा पैसे दिले गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी रोखता येण्याची शक्यता अधिक असते.