अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायला 1एन5408 डायोड चालतील, की फास्ट (झटपट बंद होणारे) डायोड घ्यावेत?

तुम्ही दिलेला हिशोब (25-0-25 व्होल्ट, 300 व्हीए टोरॉइड म्हणजे गोल कड्यासारखा ट्रान्सफॉर्मर, प्रत्येक रेलला म्हणजे प्लस आणि मायनस सप्लायला 20,000 मायक्रोफॅरड) पाहता मी दोन्ही घेणार नाही. सरळ 35 अँपिअरचा केबीपीसी3510 ब्रिज (एकाच डबीत चार डायोड) घ्या.

1एन5408 चे 3 अँपिअर सरासरी करंटला पुरतील. खरी परीक्षा स्विच टाकल्याच्या क्षणी असते. रिकामा कपॅसिटर तेव्हा जवळजवळ शॉर्टच असतो, त्यामुळे करंटला आवर घालायला वाइंडिंगचा रेझिस्टन्सच काय तो उरतो. अशा टोरॉइडचं रेग्युलेशन (पूर्ण लोडवर होणारी व्होल्टेजची घट) 6 टक्के धरलं तर तो रेझिस्टन्स दर बाजूला साधारण 0.25 ओहम येतो. शिखर व्होल्टेज 35, म्हणजे कागदावर 140 अँपिअरचा झटका. 1एन5408 ची सर्ज मर्यादा (क्षणिक झटका सोसायची) 200 अँपिअर आहे, पण ती 8.3 मिलिसेकंदांच्या एकाच अर्ध्या सायकलसाठी. तुमचे कपॅसिटर भरायला दोन-तीन अर्ध्या सायकली लागतील. केबीपीसी3510 ला हीच मर्यादा 400 आहे, तिथे निवांत राहता येतं. (1एन4007 ची फक्त 30 आहे. त्याचा विचारही नको.)

रिव्हर्स व्होल्टेजही बघून घ्या. सेंटर टॅपवर (दोन 25 व्होल्ट वाइंडिंगच्या मधल्या जोडावर) ब्रिज लावला की बंद डायोडवर दोन्ही वाइंडिंगचं शिखर एकत्र येतं, म्हणजे 71 व्होल्ट. त्यात लोड नसताना ट्रान्सफॉर्मर चढतो आणि मेन्सही कधी 10 टक्के जास्त असतं, की 83 च्या आसपास गेलात. म्हणून 100 व्होल्टचे शॉट्की (कमी ड्रॉपचे डायोड) इथे नकोत. किमान 200 हवेत, 400 असतील तर बरं.

उष्णता बरेच जण विसरतात. रेलमागे 3 अँपिअर ओढले तर प्रत्येक डायोडला सरासरी दीड अँपिअर आणि सुमारे एक व्होल्ट ड्रॉप, म्हणजे पूर्ण ब्रिजमध्ये 6 वॅट. थर्मल पेस्ट लावून ब्रिज धातूच्या चेसिसवर बोल्टने घट्ट बसवा. याचा तळ आतून इन्सुलेटेड असतो, अभ्रक लागत नाही.

फास्ट डायोडने आवाज ‘उघडतो’ म्हणतात, त्याबद्दल माझं मत थोडं कोरडं आहे. डायोड बंद होताना ट्रान्सफॉर्मरच्या लीकेज इंडक्टन्समुळे रिंगिंग (क्षणभराची उच्च फ्रिक्वेन्सीची थरथर) होतं, एवढं खरं. पण एमयूआर860 सारख्या फास्ट डायोडची सर्ज मर्यादा 100 वरच थांबते, आणि रिंगिंग स्नबरनेही मरतं: प्रत्येक अर्ध्या सेकंडरीवर 0.1 मायक्रोफॅरड, 250 व्होल्ट फिल्म कपॅसिटर आणि त्याला सिरीजमध्ये 10 ते 100 ओहम. स्कोप असेल तर रिंगिंग दबेपर्यंत रेझिस्टर बदलून बघा. नुसता कपॅसिटर लावलात तर रिंगिंगची फ्रिक्वेन्सी खाली सरकते, ते थांबत नाही.

स्पीकरमध्ये घरघर असेल तर मात्र डायोड बदलून उपयोग नाही. सेंटर टॅपची वायर दोन्ही कपॅसिटरच्या जोडावर आणा आणि स्टार ग्राउंड (सगळे ग्राउंड एकत्र येतात तो बिंदू) तिथून वेगळी छोटी वायर काढून करा, म्हणजे चार्जिंगचे झटके सिग्नल ग्राउंडमधून वाहणार नाहीत.

पहिल्यांदा चालू करताना प्रायमरीला सिरीजमध्ये 100 वॅटचा फिलामेंट बल्ब लावा. भक्कन पेटून मंदावला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करून ब्रिजच्या पिना तपासा: इतर तिघींपेक्षा वेगळ्या दिशेने वळलेली ती प्लस, तिच्या समोरच्या कोपऱ्यातली मायनस आणि उरलेल्या दोन एसी.