वाचकांचे प्रश्न : चिरा न देता गाठीवर किरण

प्रश्न : बाबांना (वय ६४) फुप्फुसाचा कॅन्सर आहे. आता मेंदूत २ सेंटिमीटरची गाठ निघाली. नागपूरचे डॉक्टर ‘रेडिओसर्जरी करू, एका दिवसात होईल’ म्हणाले. गावात एकाला तीस वेळा शेक (कॅन्सरवर मशीनने किरण) द्यावा लागला होता. बाबांना एकदाच कसा पुरेल? कवटी उघडतील का? — आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : कवटी उघडत नाहीत. मोठ्या माणसाला पूर्ण भूलही लागत नाही. ही कल्पना स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्येच मांडली होती. किरणांचे बारीक झोत अनेक दिशांनी सोडतात. एकेका झोताची मात्रा थोडी असते, ते जिथे एकमेकांना भेटतात तिथे ती भारी होते. नेहमीच्या शेकात आजूबाजूचा चांगला भागही सापडतो, म्हणून रोज २ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) देऊन त्याला सावरायला वेळ देतात. इथे २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला साधारण २० ते २४ ग्रे एकदम देता येतात. गाठ ३ सेंटिमीटरच्या पुढे गेली किंवा डोळ्याच्या नसेला खेटून असली, तर किरण ३ ते ५ बैठकांत वाटून देतात. म्हणून तारीख मिळाली की कापसाची वेचणी आटोपायची वाट पाहू नका, तोवर गाठ वाढू शकते.

सगळी भिस्त डोकं न हलण्यावर. जाळीदार प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढतात; गार झाला की त्याचा कडक मुखवटा होतो. तो घालूनच सीटी काढतात आणि १ मिलिमीटरच्या कापांचा एमआरआय त्यावर जुळवतात. जुन्या एमआरआयची सीडी न्या, नुसत्या फिल्मवरून कॉम्प्युटरला आखणी करता येत नाही. दाढी-कटिंग मुखवट्याच्या आधी उरकून घ्या. नंतर केस कापले की तो सैल होतो, आणि स्टेरॉइडने चेहरा सुजला की रुततो. तसं झालं तर टेक्निशियनला स्पष्ट सांगा. आपली माणसं ‘चालते जी’ म्हणून गप्प बसतात, इथे ते महागात पडतं.

गाठ दुसऱ्या दिवशी गायब होत नाही. पहिला एमआरआय दोन-तीन महिन्यांनी होतो, आणि कधी त्यात गाठ आधीपेक्षा मोठीसुद्धा दिसते. ती सूज की वाढ, हे डॉक्टर पुढच्या तपासण्यांवरून ठरवतात. डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) सुरू असेल तर मनाने बंद करू नका. त्याने शुगर वाढू शकते, ती तपासत राहा. डोकेदुखी वाढली, उलट्या, झटके किंवा हातापायात कमजोरी आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारी) भावाला गालाचा कॅन्सर झाला. सायबरनाइफने (रेडिओसर्जरीच्या मशीनने) ऑपरेशन टळेल का? — मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : बहुधा नाही. हा झोत दिसणाऱ्या गाठीपुरता असतो, आणि गालाचा कॅन्सर मानेच्या गाठींत न दिसताही उतरलेला असू शकतो. आधी ऑपरेशन, मग रिपोर्ट पाहून गरज असल्यास ३०च्या आसपास शेक, हाच मुख्य मार्ग. किडलेले दात शेकाआधीच काढा, जखम भरायला दहा-पंधरा दिवस लागतात. नंतर काढल्यास जबड्याचं हाड सडू शकतं. मोठ्या मशीनच्या शोधात महिना घालवू नका. जन आरोग्य योजनेत काय बसतं ते योजनेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, मंजुरी मात्र उपचाराआधी घ्या.

प्रश्न : घरात सून गरोदर आहे. शेक घेऊन आलेल्या माणसाजवळ तिने बसावं का? — देवळी, जि. वर्धा

उत्तर : खुशाल बसावं. बाहेरच्या मशीनने दिलेले किरण मशीन थांबताच संपतात, अंगात काही उरत नाही. थायरॉइडसाठी पाजतात त्या किरण सोडणाऱ्या आयोडीनचं मात्र वेगळं. त्यात काही दिवस गरोदर बाई आणि लहान मुलांना लांब ठेवावंच लागतं.