लेक म्हणते बोलिंगमध्ये करिअर करणार, आणि बाबांना अजून पत्ताच नाही

न्यू जर्सीच्या एडिसनहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी 17 वर्षांची, हायस्कूलच्या टेनपिन बोलिंग (जड बॉल घरंगळवत सोडून दहा पिना पाडायच्या, तो खेळ) टीममध्ये आहे, एका गेमचा ॲव्हरेज 300 पैकी 205 च्या आसपास. एका कॉलेजच्या कोचचा ईमेल आलाय, टीममध्ये घेतो म्हणून, थोडी स्कॉलरशिपही देतायत. तिला पुढे प्रो व्हायचंय. बाबांना इंजिनिअरिंगच हवंय, बोलिंग म्हणजे त्यांच्या मते बड्डे पार्टीत पिझ्झा येईपर्यंत खेळायची गोष्ट. पुण्याहून आलेल्या आजींना आधी वाटलं नात क्रिकेटमध्ये बॉलिंग टाकते, आता खरं कळल्यावर त्या तिच्या अंगठ्यावरचा घट्टा बघून लग्नाची काळजी करत बसल्यात. आईने तो ईमेल सहा आठवडे नवऱ्यापासून लपवलाय आणि विचारतेय, मावशी, काय करू?

अगं, आधी आजींचं उरकून टाकते. ज्या मुलाला अंगठ्यावरचा घट्टा खुपेल त्याला नकार तुमच्याकडूनच कळवा. झालं.

आता पैशाचं, कारण नवरा तेच विचारणार आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. तुमच्याच राज्यातली, युनियन गावची केली कुलिक लेकीला नक्की माहीत असणार, तुम्हा दोघांना नसेल. 2010 च्या जानेवारीत लास वेगासला टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्सच्या फायनलला समोर ख्रिस बार्न्स होता आणि हिने त्याला 265-195 असं धुतलं, पुरुषांबरोबर खेळून पीबीए टूरचं (प्रो बोलर्सच्या स्पर्धांची मालिका ती) टायटल घेणारी पहिली बाई, बक्षीस 40,000 डॉलर. आणि हीच केली वडिलांच्या गाड्या दुरुस्तीच्या बॉडी शॉपमध्ये काम करायची. कारण बायकांची प्रो टूर 2003 मध्ये बंद पडली ती थेट 2015 ला परत सुरू झाली, म्हणजे मधली बारा वर्षं बायकांना स्वतःची टूरच नव्हती, विचार कर. लेकीला हे सगळं सांग, घाबरवायला नाही, पण केलीचा फोटो भिंतीवर लावायचा तर बॉडी शॉपसकट लावायचा.

प्रो म्हणजे दर महिन्याला पगार असं काही नसतं गं. एंट्री फी आपण भरायची, विमान हॉटेल आपलं, आणि कट चुकला, म्हणजे पुढच्या फेरीत जाण्याइतका स्कोअर झाला नाही, तर हात हलवत घरी. चांगलं नाव झालं की बॉलच्या कंपन्या बॉल देतात, काहींना त्यावर पैसेही, पण ते मूठभर लोक. बाकीचे कोचिंग करतात, प्रो शॉपमध्ये, म्हणजे बोलिंगच्या सामानाच्या दुकानात, बॉलला बोटांसाठी भोकं पाडून देतात, नाहीतर चक्क नोकरी करतात. बायकांची टूर बरीचशी उन्हाळ्यात असते म्हणून नोकरी सांभाळून खेळणाऱ्या बऱ्याच आहेत. म्हणून मला तुमचं ते इंजिनिअरिंग की बोलिंग भांडणच कळलं नाही, ह्या खेळात डिग्री लागतेच, नाहीतर एंट्री फी भरणार कोण? बाबांना हे असं सांगून बघ बरं.

पण लेकीलाही एक विचार. 205 कुठल्या लेनवर? मी भाच्याबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं लेन नुसती चकचकीत पॉलिश केलीये, मग बॉल परत आला तर त्यावर तेलाच्या रेघा, आणि भाचा दर वेळी टॉवेलने पुसतोय. तेव्हा कळलं की फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडताना जी ओलांडायची नाही त्या रेघेपासून, पहिल्या पिनपर्यंत 60 फूट, त्यातल्या साधारण 40 फुटांवर मशीनने तेल घातलेलं असतं. आणि रोजच्या लेनवर ते मध्ये जास्त, कडेला कमी, त्यामुळे बॉल जरा बाहेर गेला तरी कोरड्यात पकड मिळून वळून आत येतो, म्हणजे लेनच तुम्हाला सांभाळून घेते. टूर्नामेंटच्या पॅटर्नवर, म्हणजे तिथे तेल घालायच्या पद्धतीवर, हे लाड नसतात, तिथे बॉल लेनच्या दोन पट्ट्या इकडे तिकडे गेला की झालाच स्प्लिट, म्हणजे उरलेल्या पिना एकमेकींपासून लांब. शिवाय खेळता खेळता ते तेल बॉलबरोबर सरकत, निघत जातं, म्हणजे बॉल टाकायची सकाळची लाइन दुपारी चालत नाही, दिसत काहीच नाही आणि सगळं बदललेलं असतं. तर त्या कठीण पॅटर्नवर तिचा ॲव्हरेज किती हे तिलाच विचार. 205 चे 180 झाले तरी रडायचं काही नाही, पण माहीत तर हवं.

कॉलेजचं मला तरी आवडलं. बायकांचं बोलिंग 2004 पासून एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या मोठ्या संस्थेच्या, चॅम्पियनशिपमध्ये आहे, नेब्रास्कासारखी मोठी युनिव्हर्सिटी त्यात दादा आहे. (मुलांना हे नाही बरं का, एकदा तरी मुलींचं पारडं जड!) पण कोचला लेखी विचारा, स्कॉलरशिप किती डॉलर, दर वर्षी नक्की का, दुखापत झाली तर काय. फोनवर गोड बोलणारे खूप असतात. आणि तिला हवा तो मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, तिथे आहे का? ते नसेल तर मी नवऱ्याच्या बाजूने, स्पष्ट सांगते.

आता तो ईमेल. आज रात्री जेवण झालं की दाखव. लेकीसमोर नको, आधी तुम्ही दोघंच. चिडेल, ईमेलपेक्षा सहा आठवड्यांवर जास्त चिडेल, आणि तिथे तू सॉरी म्हणून मोकळी हो, उगाच वकिली करू नकोस. कॉलेजचा निर्णय मात्र त्याच रात्री मागू नकोस. त्याला फक्त एवढं म्हण की शनिवारी मॅचला चल. तूही कधी गेलेली नाहीस असं पत्रात ओझरतं लिहिलंयस, मी वाचलंय हं ते. दहाव्या, म्हणजे गेमच्या शेवटच्या फ्रेमला ती उभी राहील तेव्हा दोघं गप्प बसा, टाळ्या नंतर.

आणि स्वेटर घेऊन जा, आत एसी भयंकर असतो.