वाचकांची पत्रं : प्रस्ताव वाचायला कोणाला द्यावा?

संशोधनासाठी निधी मागणारे प्रस्ताव आणि ते वाचणारे तज्ज्ञ, याबद्दलची पत्रं या वेळी बरीच आली आहेत. अंबाजोगाईच्या पत्राला जास्त जागा देते आहे, कारण बाकीच्यांच्या प्रश्नांचं मूळही तिथंच आहे.

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेला एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ देणगी दिली आहे. तिच्या व्याजातून दरवर्षी दोन-तीन संशोधन प्रकल्पांना मदत करायची, विषय ‘पाणी, शेती आणि आरोग्य’, असं ठरलं. पहिल्याच वर्षी ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या मूत्रमार्गाच्या आजारांवर एक प्रस्ताव आला. त्यात डॉक्टर आहेत, अर्थशास्त्राच्या मॅडम आहेत, पाण्याची तपासणीही आहे. आम्ही तो दोन नामवंत प्राध्यापकांकडे पाठवला. एकांनी शंभरपैकी ८२ गुण दिले, दुसऱ्यांनी ३५. कोणाचं खरं धरायचं? आणि पुढच्या वेळी योग्य परीक्षक शोधायचे कुठून?
– संस्थेचे सचिव, अंबाजोगाई

उत्तर : सचिवसाहेब, सगळ्यात आधी एक विनंती. सरासरी काढू नका. ती साडेअठ्ठावन्न येईल आणि त्या आकड्यावरून तुम्हाला काहीही कळणार नाही. दोघांचे शेरे शेजारी ठेवून वाचा. एकांनी डॉक्टरांचा भाग बारकाईने वाचलेला असेल आणि दुसऱ्यांनी अर्थशास्त्राचा, असंच बहुतेक वेळा निघतं.

परीक्षकांत मतभेद झाले म्हणून तुमची पद्धत फसली असंही समजू नका. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पद्धतीवर २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्करोगाच्या क्षेत्रातले २५ अर्ज ४३ परीक्षकांना तिथल्या रीतीप्रमाणे वाचायला दिले, तर एकाच अर्जाबद्दल परीक्षकांत जवळपास एकमतच दिसेना. हे एकाच क्षेत्रातल्या जाणकारांचं. तुमच्या प्रस्तावात तर तीन विद्याशाखा आहेत.

आता परीक्षक शोधण्याबद्दल. ‘एक डॉक्टर, एक अर्थशास्त्राचा, एक पाण्याचा’ अशी यादी करून सुरुवात करू नका. प्रस्ताव घेऊन बसा आणि त्यातले दावे कागदावर उतरवा. जो दावा चुकला तर सगळा प्रकल्प कोसळेल, त्याखाली रेघ मारा. मग प्रत्येक रेघेसाठी एकच प्रश्न विचारा : इथली चूक कोणाच्या नजरेला पडेल?

तुमच्याच प्रस्तावाचं घ्या. फडावर शौचालय नाही, पाणी स्वच्छ नाही, म्हणून जंतुसंसर्ग वाढतो, हा पहिला दावा. तिथं लघवीची तपासणी प्रयोगशाळेत कल्चर करून होणार आहे की नुसतं विचारून, नमुना फडावरून थंड ठेवून न्यायची सोय काय, हे सूक्ष्मजीवशास्त्राचा किंवा जनवैद्यकशास्त्राचा माणूस लगेच विचारेल. आजारी पडलं तरी खाडा (गैरहजेरीचा दंड) धरला जातो म्हणून बाई काम सोडत नाही, हा दुसरा दावा. तो श्रमाच्या अर्थशास्त्राचा. इथवर तुमचे दोन प्राध्यापक पुरेसे आहेत.

तिसरी रेघ मात्र दोघांच्याही हातून निसटेल. समजा, प्रस्तावात असं लिहिलंय की ‘आजारपणामुळे महिलेचं किती उत्पन्न बुडालं ते मोजू’. डॉक्टर म्हणतील, ते अर्थशास्त्राच्या मॅडम बघतील. मॅडम म्हणतील, आजाराचे दिवस डॉक्टर देतील, मी मजुरीने गुणेन. पण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून त्या जोडीवर घेतलेली असते आणि हिशेब टनावर होतो. बाईची वेगळी मजुरी कुठल्या वहीत लिहिलेलीच नसते. म्हणजे तो रकानाच भरता येणार नाही. ही चूक दोन विषयांच्या मधे राहते, आणि ती फक्त अशा माणसाला दिसते ज्याने टोळ्यांबरोबर काम केलंय आणि आरोग्याची पाहणी कशी करतात हेही पाहिलंय. असा एक वाचक प्रत्येक प्रस्तावाला हवाच. त्याला पत्रात स्पष्ट लिहा : ‘दोन विषय जिथे जोडले आहेत ती जागा तुम्ही तपासा.’ हे कोणाला सांगितलंच नाही, तर कोणीच तपासत नाही. छाननी समित्यांवर बसून मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि दर वेळी जीव हळहळलाय, कारण असे प्रकल्प पैसे मिळूनही दुसऱ्या वर्षी अडकतात आणि ज्या बायकांनी वेळ काढून उत्तरं दिली त्यांच्या हाती काही लागत नाही.

मोठ्या संस्थाही आता याची वेगळी सोय करू लागल्या आहेत. ब्रिटनच्या यूकेआरआय या सरकारी निधीसंस्थेत वेगवेगळ्या विषयांच्या परिषदा आहेत. एकाहून जास्त परिषदांच्या हद्दीत पसरणाऱ्या प्रस्तावांसाठी तिने २०२३ मध्ये स्वतंत्र योजना सुरू केली आणि त्यासाठी आंतरविद्याशाखीय परीक्षकांचा वेगळा गट अर्ज मागवून उभा केला. तुमचा निधी छोटा आहे, पण दहा-पंधरा जणांची अशी यादी तुम्हीही दोन वर्षांत करू शकता.

ही माणसं कुठे सापडतील? थोडीफार तर तुमच्या गावातच. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या जनवैद्यकशास्त्र विभागात ऊसतोडीहून परतलेल्या बायकांशी बोललेले लोक असणारच. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगरची वाल्मी ही जल आणि भूमी व्यवस्थापनाची संस्था, प्रत्येक जिल्ह्यातलं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय, इथं नोकरीत असलेले आणि निवृत्त झालेले दोन्ही विचारा. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, पण गेल्या पाच-सात वर्षांत त्या विषयात नवं काय आलं ते त्याने वाचलंय का, एवढं पाहून घ्या.

गावाबाहेर शोधायचं तर ‘शोधगंगा’ उघडा. देशभरच्या विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध तिथं फुकट वाचता येतात. स्थलांतर, ऊसतोड, महिला आरोग्य असे शब्द टाका, पण नुसतं शीर्षक पाहून थांबू नका. ‘संशोधन पद्धती’चं प्रकरण वाचा. ज्याने दोन पद्धती खरोखर एकत्र वापरल्या आहेत त्याचं नाव लिहून घ्या, मार्गदर्शकाचंही घ्या. ‘विद्वान’ नावाची तज्ज्ञांची माहिती देणारी साइटही याच कामाची आहे. पदापेक्षा माणसाने काय केलंय ते पाहा. प्राचार्य, अधिष्ठाता, माजी कुलगुरू ही नावं यादीत चांगली दिसतात, पण त्यांच्याकडे गेलेला प्रस्ताव पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या टेबलावर वाचला जातो.

कोणी नकार दिला तर वाईट वाटून घेऊ नका. त्याच फोनवर दोन नावं मागा, आणि त्यातलं एक तरी चाळिशीच्या आतलं हवं असं सांगा. माझा अनुभव असा की उत्तम परीक्षक नकार देणाऱ्यांनीच सुचवले.

हितसंबंधांबद्दल थोडं कडक राहावं लागेल. आपल्या मराठवाड्यात कोणीतरी कोणाचा तरी विद्यार्थी असतोच, आणि नसला तर सोयरा असतो. गाइड, सहलेखक, एकाच संस्थेतले सहकारी, नातेवाईक, हे सगळे बाद. लेखी विचारा. एक वाचक मराठवाड्याबाहेरचा घ्या. पण सगळेच पुण्या-मुंबईचे घेऊ नका. उचल आणि खाडा म्हणजे काय हे ज्याला तळटीप वाचून कळतं, त्याला ती तिसरी रेघ दिसणार नाही.

पत्र लिहाल तेव्हा अर्ध्या पानाचा सारांश, कोणता भाग तपासायचा, किती पानं आहेत, तारीख, मानधन आणि गोपनीयता, एवढं त्यात असू द्या. परीक्षा, नॅक (महाविद्यालयांचं मूल्यांकन) आणि दिवाळी यांचे दिवस टाळा. गुणपत्रकात पहिलाच प्रश्न असा छापा : ‘या प्रस्तावातला कोणता भाग तुम्हाला नीट कळतो आणि कोणता नाही?’ जो परीक्षक ‘पाण्याच्या रसायनांबद्दल मी सांगू शकत नाही’ असं लिहितो, त्याच्या बाकीच्या शब्दांवर माझा दुप्पट विश्वास बसतो. गुण आले की तिघांना ऑनलाइन तासभर एकत्र बसवा. ८२ वाला आणि ३५ वाला एकमेकांशी बोलले की कोण कशावर अडलंय ते उघड होतं. आत्ताच्या प्रस्तावासाठीही तेच करा : तिसरा, जोड तपासणारा वाचक शोधा, आणि मग निर्णय घ्या.

प्रश्न : प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांवर आम्ही दोघांनी प्रस्ताव केला होता. मी भूगोलाचा, माझा मित्र अर्थशास्त्राचा. शेततळ्यात पावसाचं पाणी किती आणि बोअरचं किती, आणि त्याचा शेजारच्या विहिरींवर काय परिणाम होतो, असा विषय. नामंजूर झाला. एका परीक्षकाचा शेरा ‘अर्थशास्त्राचा भाग अनावश्यक’, दुसऱ्याचा ‘अर्थशास्त्रात नवं काही नाही’. पुन्हा पाठवावा का?
– सहायक प्राध्यापक, जालना

उत्तर : नक्की पाठवा. विषय फार मोलाचा आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये आली ती पावसाचं पाणी साठवायला. त्यात बोअरचं पाणी उपसून भरलं, तर जमिनीखालचं, सगळ्यांचं पाणी एकाच्या तळ्यात येतं आणि वरून उन्हाने उडतं. मी मूळची भूजलशास्त्राची आहे, म्हणून हे मला अधिक टोचतं. पाणी उपसायचं की नाही हे शेतकरी द्राक्षाच्या, मोसंबीच्या भावाकडे बघून ठरवतो. त्यामुळे अर्थशास्त्र काढलं तर तुमच्या विषयाचा कणाच जातो.

हे तुमच्या एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधन परिषदेकडे पाच वर्षांत आलेल्या १८,४७६ प्रस्तावांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्ताव जितके अधिक आंतरविद्याशाखीय, तितकी त्यांना निधी मिळण्याची शक्यता कमी, असं त्यात दिसलं.

पुढच्या वेळी दुसऱ्याच पानावर लिहा की नवं काय आहे ते दोन विषयांच्या जोडीत आहे, एकेकट्यात नाही. भूगोलाची पद्धत परिचित, अर्थशास्त्राची पद्धत परिचित, हे स्वतःहून सांगून टाका, म्हणजे तो आक्षेपच राहणार नाही. अर्जात परीक्षक सुचवायची सोय असेल तर ती रिकामी सोडू नका. कडवंचीसारख्या गावांत शेततळी आणि द्राक्षबागा दोन्ही जवळून पाहिलेली माणसं सुचवा, आणि प्रत्येक नावापुढे तो काय तपासू शकेल ते एका ओळीत लिहा.

प्रश्न : माझी पीएचडी स्थलांतरावर आहे, नोकरीला तीनच वर्षं झालीत. उपग्रहाच्या चित्रांवरून दुष्काळ आणि शाळागळती यांचा संबंध शोधणारा एक प्रस्ताव मला परीक्षणाला आला आहे. उपग्रहाचं मला काही कळत नाही. नाही म्हणू का?
– एक वाचक, किनवट

उत्तर : हो म्हणा, ताई. पण आधी एक मेल करा : ‘स्थलांतर आणि शाळागळतीचा भाग मी तपासेन, उपग्रहाचा भाग तपासणारं दुसरं कोणी आहे ना?’ आहे म्हणाले तर निर्धास्त वाचा. शाळेच्या पटावर नाव आहे पण लेकरू आईबापाबरोबर कारखान्यावर गेलंय, हे उपग्रहाला दिसत नाही आणि पटावरही दिसत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. शेऱ्यात ‘कमकुवत’ असं नुसतं लिहू नका. काय बदललं तर चालेल, तेही लिहा.

प्रश्न : गावातल्या माणसांना परीक्षक करावं असं आमच्या समितीत एकीने सुचवलं. बाकीचे म्हणतात, त्यांना प्रस्ताव इंग्रजीत कसा कळणार? तुमचं मत?
– हिंगोली

उत्तर : प्रस्तावाचं तीन पानी मराठी रूप अर्जदाराकडूनच मागा. ज्याला आपलं काम मराठवाड्यातल्या माणसाला मराठीत सांगता येत नाही, त्याने इथं पाहणी करायला येऊ नये, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत पीकोरी नावाची निधीसंस्था आहे. तिच्याकडे आलेले प्रस्ताव शास्त्रज्ञांबरोबर रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारेही तपासतात.

मात्र गावातल्या माणसांना सांख्यिकी विचारू नका. आशाताईला, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकेला, विचारा : हा प्रश्न बायका कोणासमोर बोलतील? सासू घरात असताना बोलतील का? पाहणीचा महिना बरोबर आहे का, की तेव्हा अर्धं गाव तोडीला गेलेलं असेल? ही उत्तरं प्राध्यापकाला देता येत नाहीत. मानधन सगळ्यांना सारखं द्या, आणि त्या दिवशी बुडणारी मजुरी वेगळी द्या. एकीलाच बोलावू नका, दोघी-तिघी असल्या तर मोकळ्या बोलतात.

प्रश्न : परीक्षकांना पैसे द्यावेत का?
– परळी

उत्तर : द्यावेत, थोडे का असेना, आणि काम झाल्यावर पंधरवड्यात द्यावेत. मानधनाबरोबर निकालही कळवा. आपण वाचलेल्या प्रस्तावाचं पुढे काय झालं हे परीक्षकाला कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी तो हो म्हणत नाही त्याचं हेही एक कारण असतं.

प्रश्न : आमचे एक परीक्षक प्रस्ताव चॅटजीपीटीत टाकून शेरे लिहून घेतात अशी शंका आहे. काय करावं?
– लातूर

उत्तर : एनआयएचने २०२३ मध्येच आपल्या परीक्षकांना याची मनाई केली, कारण प्रस्ताव गोपनीय असतो आणि तो बाहेरच्या यंत्रणेत टाकणं म्हणजे ती गोपनीयता मोडणं. तुमच्या निमंत्रणपत्रातही तसं वाक्य घाला. शंका आहे म्हणून आरोप करू नका, त्यांना फोन करा आणि विचारा की प्रस्तावातला सगळ्यात कच्चा दुवा कोणता वाटला आणि तो कोणत्या पानावर आहे. ज्याने वाचलंय तो पाच मिनिटं बोलेल. उत्तर येत नसेल तर तो प्रस्ताव दुसऱ्याला द्या आणि अर्जदाराला निकाल महिनाभर उशिरा लागेल असं आजच कळवा.