गोड्या पाण्यातली तारली

प्रश्न : माझा मुलगा जहाजावर असतो. तिथला फिलिपिनो चीफ कुक सांगतो, त्याच्या गावच्या तलावात तारली मिळते. गोड्या पाण्यात तारली? मला तरी थाप वाटते. खरं असलं तर आपल्या तलावांत तिचं बी सोडता येईल का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : थाप नव्हे. कुक बहुधा बातांगास प्रांतातला असावा. मनिलाच्या दक्षिणेला तिथे ताल नावाचा तलाव आहे, मधोमध जिवंत ज्वालामुखी. पूर्वी तो समुद्राला मोकळा होता. १७५४च्या मोठ्या उद्रेकात राखेदगडांनी ती वाट बुजली, उरली फक्त पान्सिपित ही चिंचोळी नदी, आणि पावसाच्या पाण्याने तलाव हळूहळू गोडा झाला. तिथली ‘ताविलिस’ म्हणजे आपल्या तारलीची चुलत बहीण. वीतभरही नसते. जन्मभर गोड्या पाण्यात राहणारी सार्डिनेला (तारलीचं शास्त्रीय कुळ) जगात ही एकच, तीही या एकाच तलावात. काट्यासकट कुरकुरीत तळतात आणि व्हिनेगरमध्ये बुडवून भाताबरोबर खातात. (आपल्याला कोकम लागतं, त्यांना व्हिनेगर.)

पण आता तिचे दिवस बरे नाहीत. २०१९मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने तिला संकटग्रस्त ठरवलं. बारीक आसाची (भोकांची) बंदी असलेली जाळी आणि बेसुमार उपसा हे पहिलं कारण. त्यात तलावभर तिलापिया नि बांगुस (मिल्कफिश) या पाळलेल्या माशांचे पिंजरे. त्यांचं उरलेलं खाद्य तळाशी कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो. २०११मध्ये पिंजऱ्यांतले मासे टनांनी मेले होते. बाहेरून आलेले शिकारी मासेही आहेतच. समुद्रातली तारली एक किनारा सोडून दुसरीकडे जाते, हिने कुठे जायचं? म्हणून मार्च-एप्रिल या विणीच्या काळात तिथे ताविलिस पकडायला बंदी असते, आपल्या पावसाळी बंदीसारखी.

बी सोडायचा विचार मात्र डोक्यातून काढा. हा मासा इतका नाजूक, की जाळ्यातून बाहेर काढल्याबरोबर मरतो. आणि परदेशी मासा परवानगीशिवाय आणणं बेकायदा आहे, ते योग्यच आहे. तिलापिया अशीच बाहेरून आली. आज कुठल्याही धरणावर जाळं टाका, आधी तीच लागते.

मुलाचं जहाज मनिलाला लागलं तर ताविलिस जरूर खाऊन बघू दे. फक्त मार्च-एप्रिलमध्ये कुणी ताजी म्हणून वाढली, तर नको म्हणायला सांगा.