दिवे लागायच्या आत वर पोहोचा

प्रश्न : नोव्हेंबरच्या मध्यावर आई-बाबांना घेऊन जपानला निघालोय. मुक्काम ओसाकात. डोंगरावरून रात्रीचं शहर पाहायचं तर हाकोदाते, नागासाकी आणि कोबे ही तीनच नावं सगळे घेतात. यातलं कोणतं करावं? बाबांचे गुडघे दुखतात, आई शुद्ध शाकाहारी आहे. आणि मुलाचं म्हणणं, ओसाकात एवढ्या उंच इमारती असताना डोंगरावर कशाला जायचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुक्काम ओसाकात आहे ना, मग कोबे. हाकोदाते म्हणजे होक्काइदो, पार उत्तरेला. नागासाकी क्यूशूच्या पश्चिम टोकाला. दोन्ही ठिकाणं देखणी आहेत, पण एका संध्याकाळीसाठी वयस्कर माणसांची तेवढी फरफट नको. ओसाका स्टेशनवरून जेआर या रेल्वे कंपनीची ‘शिन-काइसोकु’ ही जलद गाडी पकडलीत की वीस-बावीस मिनिटांत सान्नोमिया, म्हणजे कोबेचं मध्यवर्ती स्टेशन. साध्याच तिकिटावर बसता येतं.

आता चिरंजीवांचा मुद्दा. इमारतीवर तुम्ही शहराच्या पोटात उभे असता. चहूकडे दिवेच दिवे, थोड्या वेळात डोळ्यांना काही वेगळं दिसेनासं होतं. कोबेची गंमत अंधारात आहे. रोक्को डोंगररांग शहराच्या पाठीला चिकटून उभी आहे आणि डोंगर ते समुद्र एवढ्या चिंचोळ्या पट्टीत सगळी वस्ती. त्यामुळे दिवे अलीकडे झाडीपाशी तुटतात, पलीकडे पाण्यापाशी. त्या काळ्या पाण्यात दोन चौकोनी बेटं उजळलेली दिसतील : पोर्ट आयलंड आणि रोक्को आयलंड. दोन्ही भराव घालून केलेली, आणि भराव कोबेच्याच डोंगरांचा. डोंगर फोडून माती समुद्रात ढकलली, वर मोकळ्या झालेल्या जागेवर घरं बांधली. पोर्ट आयलंडवर १९८१ साली विनाचालक गाडी सुरू झाली. मुलाला म्हणावं, बेटाकडे सरकणारी ती उजेडाची बारीक रेघ शोधून दाखव. डावीकडे किनारा वळत वळत ओसाकाकडे जातो. म्हणजे त्याच्या उंच इमारतीही इथून दिसतातच.

जागेचं नाव किकुसेइदाई. माया डोंगरावरचा हा सज्जा साधारण सातशे मीटर उंचीवर आहे. वर तेन्जोजी नावाचं जुनं देऊळ आहे, तिथे बुद्धाची आई मायादेवी पूजली जाते. आईंना हे आवडेल. सान्नोमियाहून १८ नंबरची सिटी बस केबलकारच्या पायथ्याच्या स्टेशनाशी सोडते. इथली केबलकार म्हणजे दोराने रुळांवरून वर ओढली जाणारी गाडी, लोंबता पाळणा नव्हे. मग पाचेक मिनिटं केबलकार, पुढे तेवढाच वेळ रोपवे. केबलकार १९२५ सालची. १९९५च्या भूकंपानंतर ती बंद पडली होती, २००१मध्ये पुन्हा सुरू झाली.

वार मात्र सांभाळा. मंगळवारी ही सेवा बंद असते, आणि नोव्हेंबरात रात्रीपर्यंत चालते ती शुक्रवार ते रविवार आणि सुट्टीच्या दिवशीच. इतर दिवशी शेवटची गाडी दिवे लागतात न लागतात तोच खाली येते. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, त्यामुळे निघायच्या दिवशी पुन्हा बघा. उतरल्यावर बस मिळाली तर ठीक, नाहीतर सरळ टॅक्सी करा.

लोक हमखास करतात ती गोष्ट म्हणजे जेवूनखाऊन, अंधार पडल्यावर वर जाणं. मी कोबेत राहत होते तेव्हा आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सव्वाचारच्या आतच वर घेऊन जायचे. कुरकुर व्हायची : एवढ्या लवकर काय करायचं? नोव्हेंबरच्या मध्यावर तिथे सूर्य पाचच्या आत मावळतो. त्यानंतरचा अर्धा तास खरा बघायचा. आकाश अजून निळं असतं, खाली आधी बंदरातले दिवे, मग रस्ते, मग घरांच्या खिडक्या. काळोख पुरता झाला की समुद्र कुठे आणि आभाळ कुठे ते कळत नाही, फोटोही सपाट येतात. फोटोसाठी फ्लॅश बंद ठेवा, मोबाइल कठड्यावर टेकवा, एवढं पुरे. तिवई घेऊन जाणारी मंडळी कठडा अडवून बसतात, तुम्ही तरी त्यात भर घालू नका.

वर शहरापेक्षा चार-पाच अंश गार असतं, शिवाय वारा. स्वेटरवर वाऱ्याचं जॅकेट आणि कानटोपी हवीच.

गुडघ्यांचं म्हणाल तर, केबलकारचे फलाट उताराला धरून पायऱ्यापायऱ्यांचे असतात. बाबांना सावकाश, कठडा धरून जमत असेल तर काही अडचण नाही. जमणार नसेल तर सान्नोमियाहून टॅक्सीने सुवायामा बागेतल्या व्हीनस ब्रिजवर जा. उंची बरीच कमी, पण शहर अगदी पायाशी. व्हीनस म्हणजे शुक्र : १८७४मध्ये फ्रेंच खगोल-अभ्यासकांनी शुक्राचं सूर्यावरून जाणं याच टेकडीवरून पाहिलं होतं. हल्ली तिथे प्रेमिकांची कुलपं असतात. इथे वाराची, वेळापत्रकाची कटकट नाही.

आईंच्या जेवणाची काळजी कोबेत तरी करू नका. १९२३च्या भूकंपानंतर टोकियोजवळच्या योकोहामा बंदरातले बरेच भारतीय व्यापारी इथे आले. कितानो भागात १९८५पासून संगमरवरी जैन मंदिरही आहे. सान्नोमिया-कितानोत भारतीय हॉटेलं आहेत. कांदा-लसूण नको असेल तर दुपारीच फोन करून सांगा, आणि ‘लास्ट ऑर्डर’ किती वाजता तेही विचारून ठेवा. जपानमध्ये हॉटेल उघडं दिसलं तरी त्या वेळेनंतर ते तुम्हाला वाढणार नाहीत.